आक्का, पिकानचं पोतं आलंय

आक्का, ठाकूरसाहेबांचं पोतं परवा आलं. दरवर्षीसारखंच, डोंगरातल्या मंडी गावाहून येणाऱ्या बसवर टाकलेलं, तोंडाला जाड सुतळीची शिवण. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. फौजी माणूस, पण दादांशी फोनवर बोलताना त्यांना पुढे बोलता येईना, असं ह्यांनी मला सांगितलं. तरी बागेतले पिकान उतरले तसे आपल्या जुन्या दोस्ताच्या वाट्याचे त्यांनी पाठवून दिले. दादांनी पोतं बस अड्ड्यावरून आणलं, कुणाला हात लावू न देता जिना चढवलं, गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि आत जाऊन पडले. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नाही. मी कपडे वाळत घालायला जाते ती त्याला वळसा घालून.

हे सांगायला माणूस नाही, म्हणून लिहितेय. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे अक्षर मोठं मोठं येतंय, पोरांसारखं. कुणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही दार लोटून बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कागदालासुद्धा लाजतेस काय गं शालन?"

दमलेय मी, आक्का. दहावं, तेरावं, गावाकडून आलेली माणसं, त्यांची अंथरुणं, त्यांचे चहा. तेव्हा वाटायचं, ही सगळी गेली की जरा टेकीन. ती गेली आणि त्याहून जास्त दमले. ह्यांची गाडीवरची ड्युटी सकाळी लवकर सुरू होते, साहेब सोडतील तेव्हा संपते. दिवसभर आर. के. पुरमच्या ह्या दोन खोल्यांत आता दोनच माणसं असतात, दादा आणि मी. आणि आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

भांडण नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड वर करून बोलायचं नाही. आपल्या साताऱ्याकडच्या गावात तेव्हा सगळ्याच धाकट्या सुना तसं वागायच्या. पुढे त्यांचं सुटलं. आता त्या दिरांशी फोनवर हसून बोलतात. माझं मात्र दिल्लीला येऊनही सुटलं नाही, कारण मला त्याची कधी अडचणच झाली नाही. मधे थोरल्या जाऊबाई म्हणून तुम्ही होतात.

दादा गॅलरीतून म्हणायचे, "भाजीत मीठ कमी झालंय म्हणावं." मी गॅसपाशी उभी, हाकेच्या अंतरावर. तरी तुम्ही मान वळवून मला सांगायचात, "मीठ कमी आहे म्हणतायत." मी तुमच्या कानाशी लागून म्हणायची, "वाटीत ठेवलंय, घ्या म्हणावं." मग तुम्ही तिकडे तोंड करून, "वाटीत ठेवलंय तिनं." नितीन लहानपणी आपल्या तिघांची नक्कल करायचा. एकटाच तीन ठिकाणी उड्या मारत तीन आवाज काढायचा आणि आपण हसून हसून बेजार व्हायचो. दादासुद्धा.

ह्या सगळ्याची खरी मजा यायची ती पिकानच्या दिवसांत. दादा गॅलरीत पोतं मोकळं करून बसायचे. अक्रोडाच्याच जातीचं फळ, पण लांबट, गुळगुळीत, तपकिरी कवचाचं. सासऱ्यांच्या सुपारीच्या अडकित्त्यात धरून ते असं हलक्या हातानं दाबायचे की गर अख्खा निघायचा. तुटला तर स्वतः खायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "आज बरेच तुटतायत वाटतं." आत मी लोणी पातळ करायची, त्यात गुळाची पावडर, थोडं दूध, मैदा अगदी नावाला, आणि भरड चिरलेले पिकान. चमच्यानं एकमेकांपासून लांब लांब थेंब सोडायचे. ओव्हनमध्ये ते पसरत जायचे, फसफसायचे, आणि थोड्या वेळानं त्यांना भोकं भोकं पडून जाळी व्हायची. मग बाहेर काढायचं आणि थांबायचं. लवकर उचललं तर गोळा होतो, उशीर झाला तर कागदाला धरतं. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहायचात आणि डोळ्यांनीच सांगायचात, उचल.

हे बिस्किट तुम्ही कँटोनमेंटमधून आणलंत. दादा नोकरीत असताना तिथे कुणा साहेबांच्या बायकोनं जवानांच्या बायकांसाठी शिकवणी लावली होती. बाकीच्या केक शिकल्या, फुलं काढायला शिकल्या. तुम्ही हे एवढंच घेऊन आलात. मी विचारलं, हेच का? तर म्हणालात, "अगं, अनारसाच आहे हा. जाळी बघ की. फक्त तुपात पडायच्या ऐवजी पेटीत गेलाय." त्या बाई त्यात दुसरे कुठले कुठले अर्क घालायच्या म्हणे. तुम्ही ते सगळं काढून वेलची आणि चिमूटभर जायफळ घातलंत. मग तुम्हाला थांबवणार कोण? करंजीच्या सारणात पिकान, शंकरपाळ्यात पिकान, खजुराच्या लाडवात पिकान. एका संक्रांतीला तीळ संपले म्हणून पिकानची वडी थापलीत आणि शेजाऱ्यांना वाटताना बिनधास्त सांगितलंत, "हमारे यहाँ ऐसाच होता है." आपल्या गावात कुणी पिकान डोळ्यांनी पाहिलेला नाही.

दादा पहिलं बिस्किट उजेडाकडे धरायचे. "हे बिस्किट आहे का खिडकीची जाळी? पलीकडचा टॉवर दिसतोय ह्यातून. जरा जाड कर म्हणावं."

मी तुमच्या कानात म्हणायची, "जाड हवं असेल तर बेकरीतनं आणा म्हणावं."

आणि तुम्ही मोठ्यानं सांगायचात, "ती म्हणतेय, तुमच्या दातांना त्रास नको म्हणून मुद्दाम पातळ करते."

मी तुमच्या दंडाला चिमटा काढायची. तुम्ही मला डोळा मारायचात, ह्या वयात. तिकडे दादा गप्प होऊन बिस्किट खायचे.

तेव्हापासून मला माहीत होतं की तुम्ही पदरचं घालता. मी दिलेला निरोप आणि तिकडे पोचलेला निरोप ह्यांत फरक असायचा. तिकडून येणाऱ्या निरोपांतही असणारच. ह्याचाच मला ह्या दिवसांत फार त्रास होतोय, आक्का. इतक्या वर्षांत तुम्ही मला सांगितलंत, "ते म्हणत होते, शालनच्या हाताला चव आहे." "ते म्हणत होते, शालन आली तेव्हापासून घराला शिस्त आली." माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा, "ते म्हणत होते, तिला पंधरा दिवस उठू देऊ नका." ह्यातलं दादांचं किती आणि तुमचं किती? कोथिंबीर निवडताना, दळण निवडताना हेच डोक्यात फिरतं. एका माणसाच्या सावलीत मी अर्धं आयुष्य काढलं आणि त्याचं माझ्याबद्दल काय मत आहे हे मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते सगळं तुमच्या तोंडचं.

कधी कधी तुमचा राग येतो. तुम्ही आमच्या मधे इतक्या ऐसपैस बसलात की आम्हाला एकमेकांकडे बघायची गरजच पडली नाही. पण हेही खोटं. तुम्हीच माझ्या मागे लागायचात. "बोल की गं त्यांच्याशी. खाणार नाहीत तुला. मी काय जन्मभर टपाल वाहू?"

"आता ह्या वयात कुठे सुरुवात करू?" मी म्हणायची.

"मी गेले म्हणजे काय करशील? खाणाखुणा?"

"तुमच्या आधी मीच जाईन."

"बघ हं. मग त्यांचा निरोप तुला वर कोण पोचवणार?"

ह्या वादाचा शेवट कधी झालाच नाही. तुमच्या छातीत दुखायला लागलं त्या घडीलाही आपण ह्यावरूनच हुज्जत घालत होतो, घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता. शेंगा अर्ध्याच मोडून झाल्या होत्या. पुढच्या मी कधी मोडल्या ते आठवत नाही.

तुम्ही गेल्यावर घरात काय झालं ते ऐका. सकाळचा चहा मी करायची आणि दादांना नेऊन तुम्ही द्यायचात. पाहुणे होते तोवर कुणी ना कुणी कप नेत होतं. सगळे गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कप भरला, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर ठेवला आणि पाठ वळवली. मला वाटलं, दादा उचलतील. दादांना वाटलं, कप ह्यांचा आहे. कप गार झाला. दुसऱ्या दिवशी परत तेच. मी मनाशी ठरवून टाकलं की दुःखात माणसाचा चहा सुटतो, आणि ठेवायचं बंद केलं. तिकडे दादांनी ठरवून टाकलं की ह्या घरात आता सकाळी चहा होत नाही. मग ते पायांत चपला सरकवून बाहेर पडू लागले. मला वाटायचं, फिरायला जातात. बरं आहे, जीव रमतोय.

एक दिवस शेजारच्या गढवाली बाईंनी मला जिन्यात गाठलं. "भाभीजी, भाईसाहब रोज मुनिरका में चाय पीते हैं, स्टूडेंट लोगों के बीच में. सिलिंडर खतम है क्या? हमसे ले लेना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एवढा थोरला माणूस, रस्ता ओलांडून, मुनिरक्याच्या त्या अरुंद गल्लीत, पाठीवर दप्तरं लावलेल्या पोरापोरींच्या घोळक्यात कागदी पेला धरून उभा. आणि घरात चहाचं आधण उकळतंय. तेव्हापासून हे कामावर जाण्याआधी दादांच्या खाटेपाशी थर्मास ठेवतात. चहा मीच करते. पण थर्मासातला चहा कुणी कुणाला दिला असं वाटत नाही.

दादा अजून विसरतात. परवा गॅलरीतून म्हणाले, "पाणी आलंय म्हणावं." नळाला पाणी आलं की ते तसंच म्हणायचे. वाक्य बोलून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी बादली नळाखाली सरकवली.

रविवारी नितीन आला होता. तुमचा पोरगा चांगला आहे, आक्का, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझ्याही अंगाखांद्यावर वाढला. हातातला फोन खाली ठेवून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काकी, देखो, दिवाळी झाली की पप्पांना मी नोएडाला घेऊन जातो. तुम्ही बिल्कुल टेन्शन घेऊ नका. लिफ्ट आहे, खाली पार्क आहे, त्यांच्या वयाचे अंकल लोक असतात तिथे. रूम पण रेडी केलाय."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं ना. काही बोलले नाहीत. म्हणजे ओके आहे."

ह्या घरात न बोलण्याचा अर्थ ओके असा कधीच नव्हता. एवढं त्याला सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. आता माझंही ओके त्यानं धरलं असणार.

मी ह्यांना म्हटलं, दादांना एकदा नीट विचारा, जायचंय का. तर म्हणाले, "दादांना काय विचारायचं? त्यांचं त्यांना कळतं." आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या. भाऊ भावाला विचारणार नाही, बाप मुलाला सांगणार नाही. आता तुम्ही असतात तर एका दुपारीत सगळ्यांची मनं काढून घेऊन, त्यात आपलं थोडं घालून, सगळ्यांना वाटून मोकळ्या झाला असतात. मला तर हेही ठाऊक नाही की दादांना जायचंय की राहायचंय. नितीन गेल्यावर त्यांनी खाटेखालची काळी ट्रंक ओढली, वरची धूळ पुसली, आणि परत आत सरकवली. ह्यावरून मी काय समजायचं?

आणि मला स्वतःला काय हवंय, तेही मी स्वतःला विचारलं नव्हतं.

आज सकाळी, भांडी घासत होते, गॅलरीतून कट्ट असा आवाज आला. मग परत. माझा हात तसाच थांबला. अडकित्त्याचा आवाज. दादांनी पोतं उघडलं होतं. मी बघायला गेले नाही. भांडी घासून झाली, पुसून झाली, डबे पुसले, पुसलेले डबे परत पुसले. बऱ्याच वेळानं दाराशी पावलं वाजली. स्टुलावर वाडगा ठेवल्याचा आवाज. वळून बघितलं तर वाडगाभर गर, अख्खा, आणि दादा पाठमोरे.

आता करायचं काय, आक्का? घरात माणूस गेलं की वर्षभर सणाला कढई चढवत नाहीत. फराळ शेजारचे आणून देतात, आपण करायचा नसतो. सासूबाई गेल्या त्या वर्षी आपलं ह्याच्यावरून केवढं वाजलं होतं. तुम्ही ओव्हन लावलात आणि मी म्हटलं, आक्का, लोक काय म्हणतील, सुतक फिटलं म्हणून दुःख फिटलं का? तुम्ही म्हणालात, "कढई चढवू नये म्हणतात ना? ह्यात कढई आहे? तेल आहे? झारा आहे? सासूबाईंना हे बिस्किट आवडायचं. त्या गेल्या म्हणून त्यांच्या आवडीवर कुलूप घालू?" मला ते तेव्हा पटलं नाही. मी त्या वर्षी एकही बिस्किट खाल्लं नाही, आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी घुश्शात होतात. आज वाडगा हातात घेऊन उभी राहिले तेव्हाही पूर्ण पटलेलं नव्हतं. पण ते गर त्यांनी एकेक करून काढलेले होते. ते डब्यात भरून फळीवर ठेवून देणं माझ्याच्यानं झालं नाही.

लोणी गरम केलं. गूळ घातला. जायफळ किसताना तुमची आठवण येईल असं वाटलं होतं, पण आठवण लोणी वितळतानाच आली, त्याचा वास सुटला तेव्हा. डोळे पुसले आणि ताटलीवर थेंब सोडले.

पहिली खेप बिघडली. मी घाईनं उलथनं घातलं आणि बिस्किटं गोळा झाली. मागून आवाज आला.

"जरा थांबायचं असतं म्हणावं."

दादा दारात उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, ओव्हनकडे बघत होते. मी पदर पुढे ओढला. मधे कुणी नव्हतं. मी पण ओव्हनकडेच बघत म्हटलं, "थांबलं की चिकटतात."

"चिकटली की परत आत घालायची घडीभर. ढिली होतात. ती तसं करायची."

"हं."

एवढंच. आम्ही दोघं ओव्हनशी बोललो, आक्का. तुम्ही असतात तर हसला असतात. दुसरी खेप मी आत घातली, थांबले, उलथनं अलगद सारलं. निघाली. जाळी बरी पडली होती. एक बिस्किट बशीत घालून बशी पुढे केली. स्टुलावर ठेवली नाही. त्यांनी हातातून घेतली.

त्यांनी ते उजेडाकडे धरलं नाही. तसंच तोंडात टाकलं.

"तुम्हाला जाड हवं असतं," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि मग कळलं की 'त्यांना' म्हणायच्या जागी 'तुम्हाला' म्हटलं.

"असू दे. माझ्या दातांसाठी पातळ करतेस तू. ठाऊक आहे मला."

मी 'बेकरीतनं आणा' म्हणाले होते, असं सांगू? मी दुसऱ्या ताटलीवर थेंब सोडायला घेतले. दादा गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता, एकेक शब्द मोजल्यासारखा बोलायला लागले. मी त्यांना इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"नितीन म्हणतोय, नोएडाला चल."

"हो."

"मी फौजेतून पेन्शन घेऊन आलो ना, तेव्हा इथं राहायचं माझ्या मनात नव्हतं. थोरल्यानं धाकट्याच्या क्वार्टरमध्ये काय म्हणून राहायचं? गावाची तिकिटं काढलेली होती. तेव्हा ती मला म्हणाली, शालनला इथं भीती वाटते. हा ड्युटीवर असतो, पोरीला इथली भाषा येत नाही, कडी वाजली तरी दचकते. शालन म्हणत होती, दादा गॅलरीत खोकले तरी मला धीर येतो, ते राहिले तर बरं होईल." बशीतला चुरा बोटानं टिपला. "तू म्हणालीस म्हणून मी तिकिटं परत केली."

आक्का, हे मी कधीच म्हटलं नव्हतं. तुम्हाला नाही, ह्यांना नाही, कुणालाच नाही. पण मला भीती वाटायची. नवीन नवीन दिल्लीत आले होते तेव्हा हे कामावर गेले की मी आतून कडी घालून, दाराला खुर्ची लावून, त्या खुर्चीवर बसून राहायची. ह्यांच्या येण्याची वेळ झाली की खुर्ची जागेवर ठेवायची. ते तुम्ही कधी पाहिलंत? सुट्टीवर आला होतात तेव्हा? फरशीवरचे ओरखडे बघून? आणि दादांच्या खोकल्याचं तर मलाही नीट कळलेलं नव्हतं. आता आठवून बघते तर, तुम्ही सगळे राहायला आल्यानंतर त्या खुर्चीवर मी कधी बसले नाही.

मी समजत होते की तुम्ही निरोपात पदरचं घालता. ह्यात पदरचं काय होतं? मला जे बोलता येत नव्हतं ते तुम्ही बोलून टाकलंत, माझ्या नावावर, आणि मला पत्ता लागू दिला नाहीत. मग तिकडून माझ्यापर्यंत आलेलं, हाताला चव आहे वगैरे, तेही तसंच असेल का? हे आता कुणाला विचारायचं नाही. आजपासून तो हिशेब मी मांडणार नाही.

ओव्हनमध्ये बिस्किटं फसफसत होती. दादांनी बशी खाली ठेवली.

"अजून वाटते का भीती?" त्यांनी विचारलं.

खोटं कसं बोलू? मी बाजारात एकटी जाते. भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करते, मोडकीतोडकी का होईना. दार उघडं टाकून खाली कचरा टाकायला जाते.

"नाही वाटत आता," मी म्हटलं.

"बरं झालं," दादा म्हणाले. मान हलवली आणि वळले.

त्यांच्या पाठीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की मी आत्ता काय केलं. त्यांनी मला विचारलं होतं, माझं इथं काही काम उरलंय का. आणि मी नाही म्हटलं होतं. ते दोन पावलं गेले. आता सांगायला कुणी नव्हतं. तिकडे तोंड करून कुणी गोड करून पोचवणार नव्हतं. ते काळी ट्रंक ओढतील, ह्या वेळी परत सरकवणार नाहीत, नितीन गाडी घेऊन येईल, आणि सगळेजण ओके म्हणतील.

"दादा."

मी त्यांना कधी हाक मारलेली नाही. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. आवाज मलाच परका वाटला, बारीक आणि जरा फाटलेला. ते थांबले, वळले मात्र नाहीत.

"भीती नाही वाटत," मी म्हटलं. "तरी तुम्ही राहा."

ओव्हनमधून करपल्याचा वास यायला लागला. मला कळत होतं की ताटली काढायला हवी आणि मी त्यांच्या पाठीकडेच बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "जळतंय तुझं." मी धावले. अख्खी ताटली काळी झाली होती. फेकून दिली. खिडकी उघडली तर बाहेर दिवाळीच्या दिवसांतला तो नेहमीचा धूर, त्यानं आणखी खोकला आला. दादाही खोकत खोकत गॅलरीत गेले. उरलेल्या मिश्रणाची मी शेवटची खेप लावली. ती नीट झाली. डब्यात भरली. थोडी शेजारी देईन, थोडी नितीनला.

आता दुपार कलली आहे. मी आत हे लिहितेय आणि दादा गॅलरीत फोनवर बोलतायत. कानाला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं बोलतात, भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"नितीन, अरे ऐक. ते नोएडाचं राहू दे सध्या. रविवारी येत जाईन मी... नाही, तब्येतीला काय झालंय... अरे शालन म्हणतेय, मी इथंच राहावं... हो, तीच म्हणतेय. स्वतःच्या तोंडानं म्हणाली."

आक्का, हे मी खरंच म्हटलंय.